रंगाखालचा फोड

दसऱ्याच्या सकाळी रत्नागिरीतल्या एका सोसायटीच्या आवारात गाड्या धुणं चाललं होतं. बादल्या, फडकी, झेंडूच्या हारांची ओली पिशवी, कुणाच्या तरी मोबाइलवर सनई. पांढऱ्या हॅचबॅकचे मालक, साठीकडे झुकलेले एक काका, मागच्या चाकावरची कमान पुसत होते. पुसता पुसता फडकं एका जागी अडखळलं. रंगाला रुपयाएवढा फोड आला होता. काकांनी अंगठ्याचं नख कडेला लावलं, तसा रंगाचा पापुद्रा भाजलेल्या पापडासारखा उचलला गेला. आत तपकिरी भुगा. चार कण ओल्या फरशीवर पडले. काका क्षणभर बघत राहिले, आणि मग त्यांनी तो पापुद्रा अंगठ्याने हळूच परत दाबून बसवला, वरून फडकं फिरवलं आणि हार घालायला बॉनेटकडे गेले.

ते दाबून बसवणं डोक्यातून जात नाही.

सणाच्या दिवशी फोड फोडत कोण बसणार, हे खरंच आहे. पण तो अंगठा सणाचा नव्हता. जखमेची खपली निघाली की माणूस ती परत ठेवून बघतो, तसा तो होता. त्या फोडाबद्दल बहुतेकांची समजूत अशी, की गंज आत्ता कुठे धरायला लागलाय, बघू पावसाळ्यानंतर. खरं तर फोड दिसतो तेव्हा गंजाचे दोन-तीन पावसाळे आत मुक्कामाला होऊन गेलेले असतात. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. रंगाखाली एवढी जागा नसते, म्हणून तो रंगाला ढकलतो, आणि आपल्याला फुगवटा दिसतो. रुपयाएवढा फोड खरवडला की खाली चहाच्या बशीएवढं खराब क्षेत्र निघतं, हा नेहमीचा हिशेब. चाकाच्या कमानीला तर पत्रा आतल्या बाजूला दुमडलेला असतो. त्या घडीत लाल चिखल बसतो, ओला राहतो, आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. अशा ठिकाणी बाहेरचा फोड म्हणजे आतून आलेल्या गंजाचं टोक असतं.

कोकणात याची एक वेगळीच गंमत आहे. इथे जमीनच गंजलेली आहे. जांभ्याचा तो रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे रसायन म्हणून बघायचं तर गंजाच्याच कुळातला. त्यामुळे पांढऱ्या गाडीच्या दाराखाली तपकिरी ओघळ दिसला, तरी मातीच असेल म्हणून सोडून दिला जातो. ओळखायचं सोपं आहे. ओल्या फडक्याने पुसा. माती निघते, आणि गंजाचा ओघळ रंगावर पिवळट डाग ठेवून जातो. तो डाग वर वर जिथे पोचतो तिथून पाणी बाहेर पडत असतं, आणि ते येताना आतलं लोखंड घेऊन येत असतं. त्यात समुद्र जवळ. पावसाळ्यात मिठाची बरणी जशी घाम सोडते, तेच पत्र्यावर बसलेल्या खारट थराचं होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणजे पाऊस पडो न पडो, गाडी झाकलेली असो नसो, आत ओल राहतेच. हर्णै बंदरावरून मासळी नेणाऱ्या टेंपोचा हौदा पाहावा. बर्फाचं खारं पाणी ठिबकून ठिबकून तळाचा पत्रा बोटाने मोडावा असा होतो.

घरी गंज काढायला बसलेल्या माणसाचा खरा शत्रू गंज नसतो, खिडकीची जाळी असते. म्हणजे जाळीची सवय. आपल्याकडे गणपतीच्या आधी घराच्या जाळ्या, गेट, गच्चीवरचा जिना हे सगळं रंगवायची रीत आहे. तारेचा ब्रश मारायचा, सुटणारं सुटलं की रेड ऑक्साइड, वर ऑइल पेंट. खाली गंज असतोच, पण १० मिलिमीटरच्या सळईतून वर्षाला थोडंसं गेलं तर काय बिघडतं? दहा वर्षांनी अजून उरलेली असते. तीच कृती माणूस गाडीवर करतो. गाडीचा बाहेरचा पत्रा ०.७ ते ०.८ मिलिमीटरचा. त्यावरचा कारखान्यातला सगळा रंग, प्रायमरपासून वरच्या चमकत्या, पारदर्शक क्लिअरपर्यंत, मिळून मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा. इथे चुकीला जागाच नाही. शिवाय रेड ऑक्साइडच्या त्या साध्या डब्यावर गाडीचा रंग मारला, की त्यातला थिनर खालच्या थराला उचलतो आणि सगळं सायीसारखं सुरकुततं. ज्यांनी एकदा ते पाहिलंय ते परत करत नाहीत. बाकीचे रंगाच्या दुकानदाराला दोष देतात.

तेव्हा सुरुवात खरवडण्याने नको, टोचण्याने करावी. गाडी धुऊन, पूर्ण वाळवून, एक जुना स्क्रूड्रायव्हर घ्यायचा आणि फोडाच्या भोवती, हाताच्या वितीएवढ्या परिसरात टोकाने दाबत जायचं. मुठीच्या बाजूने ठोकून आवाजही ऐकायचा. चांगला पत्रा ‘टण’ करतो, कुजलेला किंवा लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेला ‘थप’. जुनी गाडी असेल तर कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक फिरवावं. जिथे ते एकदम ढिलं पडतं तिथे आधीच कुणीतरी लांबी थापून ठेवलेली आहे, आणि लांबीखाली काय आहे ते देव जाणे. टोक पत्र्यातून आरपार गेलं तर मग पुढचा प्रश्न, कुठे गेलं? कमानीच्या बाहेरच्या कडेला, दाराच्या खालच्या पट्टीला गेलं तर निदान विचार करता येतो. पण दाराखालच्या रनिंग बोर्डला, जॅक लावायच्या जागेला, सीटबेल्टचा बोल्ट जिथे बसतो तिथे, सस्पेन्शनच्या बुडाशी गेलं, तर रंगाचे डबे, सँडपेपर आवरून ठेवावेत आणि पत्रा कापून नवा जोडणारा डेंटर शोधावा. त्या जागा गाडीचा सांगाडा आहेत. भोकाला जाळी लावून वर लांबी भरणं तिथे नुसतं वाईट काम नाही, ते अपघाताच्या वेळी माणसाला फसवणं आहे. असं काम रंगवून विकलेल्या गाड्या बाजारात किती असतील याचा विचार न केलेला बरा.

गंज वरवरचा किंवा खपलीचा असेल तर काम घरचं आहे. सामान थोडकं लागतं. ८०, १८०, ३२० आणि ४०० नंबरचे सँडपेपर (निम्मा महाराष्ट्र त्यांना ‘पोलीस पेपर’ म्हणतो, आणि दुकानदाराला ते बरोबर कळतं), एक लाकडी ठोकळा, मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं, डोळ्यांना गॉगल. गॉगल लागतोच. गंजाचा कण डोळ्यात गेला की तो नुसता खुपत नाही, रुततो. तारेचा ब्रश घ्या, पण त्यावर विश्वास ठेवू नका. ब्रश सुटलेली खपली काढतो आणि उरलेल्या गंजाला घासून चकाकी आणतो. काळपट, गुळगुळीत, हात फिरवला तर लोखंडच वाटावं असा तो थर असतो. त्यावर ८० नंबरचा पेपर मारला की धूळ तपकिरी पडते. धूळ राखाडी पडायला लागेपर्यंत घासायचं, हे एवढं एक मोजमाप पुरतं. ग्राइंडर हाताशी असला तर मोह होतो, आणि वीस मिनिटांचं काम दोन मिनिटांत होतं हेही खरं. पण त्याची फ्लॅप डिस्क (घासायची चकती) एका जागी चार सेकंद थांबली तर पत्रा निळा पडतो, तापून लाटा धरतो, आणि ०.७ मधले ०.२ कधी गेले कळत नाही. पेट्रोलच्या झाकणाच्या आसपास तर ठिणग्यांचं नावच नको. बऱ्याच गाड्यांच्या पत्र्याला कारखान्यात जस्ताचा थर दिलेला असतो. हे जस्त आधी स्वतः झिजतं आणि ओरखड्यातलं लोखंड वाचवतं. ग्राइंडर सगळ्यात आधी तेच उडवून लावतो. म्हणून मशीन लागलंच तर फक्त मधल्या कुजक्या भागावर, आणि कडेला हातच.

घासून लोखंड उघडं पडलं की उन्हात नेऊन वाकून बघावं. पांढऱ्या चकचकीत पत्र्यावर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसतात. हे खड्डे. गंज खाली उतरत गेलेला असतो, आणि पेपर वरून सरकत जातो, खड्ड्यात शिरत नाही. इथपर्यंत आलेला माणूस थकलेला असतो, हात भरून आलेले असतात, नव्वद टक्के भाग चमकत असतो, आणि त्याला वाटतं झालं. पुढच्या पावसाळ्यात नेमके तेवढेच ठिपके फोड होऊन वर येतात, त्याच नक्षीत. सुई किंवा टोकदार पात्याने एकेक ठिपका कोरावा, नाहीतर इथे आम्लाला कामाला लावावं.

आम्लाची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण घराघरांत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. संडास साफ करायचं आम्ल गंज झटकन खातं, म्हणून ते गाडीवर ओतणारे लोक आहेत. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. गंज जातो, पण क्लोराइड पत्र्याच्या घडीत, सांध्यात मागे राहतं, आणि मिठाने जे काम दहा वर्षांत केलं असतं ते त्याच्याने एका हंगामात होतं. धुऊन टाकू म्हणाल तर दुमडलेल्या पत्र्याच्या आतून धुणार कसं? व्हिनेगर, लिंबूसत्व सौम्य आहेत, सुटे नट-बोल्ट रात्रभर बुडवायला उत्तम, पण उभ्या पत्र्यावर टिकत नाहीत आणि धुतल्या धुतल्या लोखंडावर नारिंगी झाक येते. गाडीच्या पत्र्याला चालतं ते फॉस्फोरिक आम्ल. हार्डवेअरमध्ये, रंगाच्या मोठ्या दुकानात गंज काढायचं द्रावण किंवा जेल म्हणून मिळतं. हातमोजे घालून ब्रशने लावायचं, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ, साधारण १५ ते ३० मिनिटं, ओलं ठेवायचं, सुकू द्यायचं नाही. काळे ठिपके विरत जातात आणि पत्र्यावर फॉस्फेटची पातळ राखाडी झाक येते. मग धुवायचं आणि ताबडतोब कोरडं करायचं. नुसतं पुसून भागत नाही, हेअर ड्रायरने पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत. आम्लाचा चिकट अंश उरला तर वरचा एपॉक्सी प्रायमर धरत नाही, आणि महिन्याभराने नखाने सोलून निघतो.

दुसरा प्रकार ‘कन्व्हर्टर’ नावाने विकतात. त्यातल्या बऱ्याच द्रावणांत टॅनिक आम्ल असतं. ते गंज काढत नाही, गंजाशी संयोग पावून निळसर काळा, स्थिर थर बनवतं. ही किमया मराठी स्वयंपाकघराला नवी नाही. विळीवर आवळा चिरला की पातं काळं पडतं, सुपारी कातरून अडकित्त्याची धार काळी होते. दोन्हीकडे टॅनिन आणि लोखंड. भीमाशंकर-जुन्नरच्या डोंगरातून जो हिरडा खाली येतो त्यात टॅनिन ठासून भरलेलं, आणि हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचाच क्षार, घातला की पूर्वी त्याचीच शाई व्हायची. कन्व्हर्टर लावल्यावर तपकिरी पत्रा डोळ्यांदेखत काळा होत जातो तेव्हा आपण खरं तर गाडीवर शाई बनवत असतो. बघायला छान वाटतं. पण त्याची मर्यादा लोक विसरतात. घट्ट बसलेल्या पातळ गंजावर तो चालतो. सुटत्या खपलीवर लावला तर फक्त वरचा थर काळा होतो आणि खपली त्या काळ्या थरासकट पडते. आणि घासून लख्ख केलेल्या लोखंडावर लावून उपयोग नाही, तिथे संयोग पावायला गंजच नसतो. माणसं पत्रा चकचकीत करतात आणि वर कन्व्हर्टर लावतात, म्हणजे देवळात देव नसताना नैवेद्य. हात पोचत नाहीत अशा फटींसाठी कन्व्हर्टर, दिसतंय तिथे घासणं आणि फॉस्फोरिक, एवढी वाटणी मनाशी ठेवावी.

सुट्या भागांसाठी आपल्याकडे एक फुकटात जमणारी युक्ती आहे. साखर कारखान्याची मळी, म्हणजे मोलॅसिस. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात बिजागरी, ब्रॅकेट, टो-हूक बुडवून दोन आठवडे विसरायचं. मळीतली द्रव्यं गंजातलं लोखंड धरून सोडवतात आणि चांगल्या लोखंडाला फारसा हात लावत नाहीत. फक्त जस्त किंवा ॲल्युमिनियमचा भाग त्यात टाकू नये, आणि पिंप शेजाऱ्यांच्या खिडकीखाली ठेवू नये. वास असा येतो की सोसायटीची सभा भरेल.

लोखंड उघडं पडल्यापासून घड्याळ सुरू होतं. कोकणातल्या हवेत तासाभरातच पत्र्यावर नारिंगी धुकं धरतं, त्यावर बोट लावलं तर घामातल्या मिठाने बोटाचा ठसासुद्धा गंजतो. म्हणून हे काम जूनमध्ये करायचंच नाही. दसऱ्यानंतर, थंडीची चाहूल लागली की, दुपारच्या आत, सावलीत. उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग बसायच्या आत वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा होतो. दमट हवेत थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर दव धरतं आणि रंग दुधाळ पांढरा पडतो. पेंटर लोक ‘रंग फुटला’, ‘पांढरा झाला’ म्हणतात आणि हवेला शिव्या देतात. या एका बाबतीत शिव्या योग्य ठिकाणी जातात.

उघड्या लोखंडावर पहिला थर एपॉक्सी प्रायमरचा, दोन डब्यांचा, डब्यावरच्या प्रमाणात मोजून मिसळलेला. तळहाताएवढ्या जागेला तयार मिश्रण १०० मिलीसुद्धा उरतं. आधी स्वच्छ फडक्याने ग्रीस काढायचं द्रव लावायचं आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. एकाच फडक्याने पुसलं तर तेल फक्त जागा बदलतं. प्रायमर जुन्या रंगावर बोटभर चढला पाहिजे, आणि त्या जुन्या रंगाची कड आधी ३२० ने अशी घासलेली हवी की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागू नये. डोळ्यांना सपाट दिसतं ते बोटाला सपाट लागत नाही. बोट बरोबर असतं. एपॉक्सी रात्रभर वाळला, हलका घासला, की त्यावर लांबी. मोठ्या लिंबाएवढ्या गोळ्याला भिजलेल्या काबुली चण्याएवढा हार्डनर, वजनात म्हणाल तर दोन टक्के. जास्त घातला तर लवकर वाळेल म्हणून लोक सढळ हाताने पिळतात. मग लांबी पातीवरच आवळते, तिला सुईच्या भोकांसारखी छिद्रं पडतात, आणि हार्डनरची लाली महिन्याभराने पांढऱ्या रंगातून डोकावते. थर २-३ मिलिमीटरच्या वर नको.

आणि लांबी पाण्याने घासायची नाही. हे वाक्य एखाद्या गॅरेजच्या भिंतीवर रंगवून घ्यावं असं आहे. आपल्याकडे सर्रास वॉटर पेपर आणि बादली घेऊन लांबी घासतात, धूळ उडत नाही, हात हलका चालतो. पण पॉलिस्टर लांबी पाणी पिते. ते पाणी आत राहतं आणि खालच्या पत्र्याला, विशेषतः लांबी थेट लोखंडावर भरली असेल तर, आतूनच ओलं ठेवतं. वरून रंग चकाचक. गाडी घरी येते, वर्षाने त्याच जागी फोड येतो, आणि सगळे म्हणतात, समुद्राची हवा. पाणी चालतं ते पुढे, लांबीवर प्रायमर चढल्यावर, ४००-६०० च्या पेपरला.

रंगाबद्दल थोडक्यात. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली. तो देऊन डबा किंवा स्प्रे कॅन बनवून घ्यावा. पांढरा नशीबवान, चंदेरी मेटॅलिक छळणारा, कारण त्यातले कण प्रत्येक हाताला वेगळे बसतात. कॅन २५-३० सेंटीमीटर लांब, पातळ हात, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. टेपची कड सरळ चिकटवली तर रंगाची पायरी पडते, म्हणून ती अर्धी दुमडून उलटी ठेवायची, म्हणजे रंग कडेला विरत जातो. वरचं क्लिअर दोन डब्यांचं असेल तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. नाकावर रुमाल बांधून ते मारणं म्हणजे चाळणीने पाणी अडवणं. योग्य काडतुसांचा मास्क आणि मोकळी हवा नसेल तर ते मारू नये, दम्याचा त्रास असलेल्याने तर जवळही थांबू नये. साध्या कॅनमधलं क्लिअर तेवढं टणक नसतं, पेट्रोलचा थेंब पडला तर विरघळतं, पण फुप्फुसांशी वैर नको.

एवढं सगळं नीट केलं तरी निम्मं कामच झालेलं असतं. पाणी जिथून आलं ती वाट अजून उघडीच आहे. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेच्या रबरावरून आत उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडावं म्हणून. धूळ, शेवाळ, कधी गांधीलमाशीचं मातीचं घर, यांनी ती बुजतात. दार हलवलं की आत खळखळ ऐकू येते आणि लोक म्हणतात, दाराचं काहीतरी ढिलं झालंय. सायकलच्या चाकाची तार किंवा बांबूची काडी घालून ती मोकळी केली तर चहाच्या रंगाचं पाणी धार लावून पडतं. वायपरखालच्या खोबणीत पारिजातकाची फुलं, गुलमोहराची पाती कुजून खत झालेलं असतं. जमिनीवरच्या गालिच्याखालचा जाड नमदा पावसाळ्यात एकदा ओला झाला की डिसेंबरपर्यंत वाळत नाही. पायाखालचा पत्रा आतून गेलेल्या जुन्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत पाय पुढे सरकवला की रस्ता पळताना दिसायचा. आणि प्लास्टिकचं कव्हर! एवढ्या प्रेमाने गाडीवर घातलेलं कव्हर पावसाळ्यात आतली वाफ अडवून ठेवतं. उघड्यावर भिजून उन्हात वाळणारी गाडी त्यापेक्षा सुखी असते.

घडीच्या आत, जिथे पेपर पोचत नाही, ब्रश पोचत नाही, तिथे शेवटी तेलच जातं. पोकळीत मारायचं मेणासारखं द्रव मिळतं, कॅनला लांब नळी लावून भोकांतून फवारायचं. ते फटींत शिरतं आणि पाण्याला बाजूला करतं. कोकणातली आजी पावसाळ्याआधी कोयत्याला, विळीला खोबरेलाचं बोट लावून ठेवायची, त्याचंच हे शहरी भावंड. गॅरेजमधलं जळकं काळं ऑइल खालून फासायची रीत मात्र सोडावी. ते रबराचे बुश फुगवतं, रस्त्यावर ठिबकतं, आणि पुढे कधी त्या जागी रंग द्यायची वेळ आली तर कितीही पुसा, रंगात माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रं पडत राहतात.

कार्तिकातल्या एका रविवारी ती पांढरी हॅचबॅक आवाराच्या कोपऱ्यात, मागचं चाक काढून, घोडीवर उभी होती. जमिनीवर खोक्याचा पुठ्ठा, टायरच्या जागी वर्तमानपत्रं. बॉनेटवरच्या हाराचा नुसता दोरा उरला होता. काकांनी पापुद्रा काढला होता, आणि हाताने घासत घासत रुपयाची बशी झाली होती, बशीची ताटली. तीन बाजूंना पांढरं लोखंड लख्ख दिसत होतं, धूळ राखाडी पडत होती. चौथ्या बाजूला, खाली, काळी रेघ कमानीच्या घडीत वळून आत गेली होती. काकांनी पेपर घडी घालून तिथे घालून पाहिला, मग सुतळीभोवती गुंडाळून पाहिला. मग ते पुठ्ठ्यावर आडवे झाले, मोबाइलचा टॉर्च लावून तो दातांत धरला, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या घडीत हळूच टेकवून आवाज यायची वाट बघत राहिले.